कांदा लासलगावचा, प्रश्न ढाक्याचाही

२९ सप्टेंबर २०१९. देशात कांद्याचे भाव चढले म्हणून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर बोलत होत्या. बोलता बोलता त्या हिंदीत शिरल्या आणि त्यांनी हसत हसत सांगितलं की, तुम्ही कांदा बंद केलात, आता मी स्वयंपाक्याला बिनकांद्याचं जेवण करायला सांगितलंय. पुढच्या वेळी जरा आधी कळवा! सभागृहात हशा पिकला.

ढाक्याच्या बाजारात मात्र कुणाला हसू येत नव्हतं. भाव भडकले आणि नोव्हेंबरमध्ये तिथे चक्क विमानाने कांदा आणावा लागला. इकडे बंदी आली म्हणून नाशिक जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी आली आणि तेच चित्र पुन्हा दिसलं.

आता समजा, तुमच्या पेपरात प्रश्न आला : ‘कांदा निर्यातबंदीचे परिणाम लिहा.’ तुम्ही काय लिहाल? शहरातल्या ग्राहकाला दिलासा, शेतकऱ्याचं नुकसान, परकीय चलनात घट. मार्क मिळतील. पण या उत्तरात ढाका कुठे आहे? आणि ढाक्यातल्या कॉलेजात तुमच्याच वयाची एखादी मुलगी याच विषयावर लिहीत असेल, तर तिच्या उत्तरात लासलगाव कुठे असेल? कांदा एकच, पण उत्तरं दोन आणि दोन्ही अर्धी.

‘मागचं वर्ष’ म्हणजे कुठलं?

यात अवघड काय आहे, असं वाटेल. इंटरनेट आहे, दोन्ही देशांची आकडेवारी काढायची आणि शेजारी शेजारी मांडायची. करून बघा एकदा. पहिल्याच पायरीला ठेच लागेल.

भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. बांगलादेश आणि पाकिस्तानचं जुलै ते जून. श्रीलंकेचं सरळ जानेवारी ते डिसेंबर. नेपाळचं बिक्रम संवताप्रमाणे, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यापासून पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे ‘मागच्या वर्षी किती व्यापार झाला’ या साध्या प्रश्नातलं ‘वर्ष’च प्रत्येकाचं वेगळं!

पुढची गंमत अशी की, भारताने ‘इतका माल पाठवला’ म्हणून नोंदवलेला आकडा आणि शेजाऱ्याने ‘इतका माल आला’ म्हणून नोंदवलेला आकडा सहसा जुळत नाहीत. एक जण बंदरातून निघतानाची किंमत धरतो, दुसरा त्यात वाहतूक आणि विमा मिळवतो. शिवाय सीमेवरून गुपचूप जाणारा माल कुणाच्याच वहीत येत नाही. हा गुंता एकट्याने एका देशात बसून सुटत नाही. दोन्हीकडच्या जाणकारांनी एका टेबलावर बसून वह्या ताडून बघाव्या लागतात. पण हे टेबल मांडायचं कुणी?

आग्नेय आशियातलं टेबल

आपल्या पूर्वेला, आग्नेय आशियात, असं एक टेबल गेली जवळपास पन्नास वर्षं मांडलेलं आहे. डॉक्टरांची किंवा वकिलांची असते तशी अर्थतज्ज्ञांचीही प्रत्येक देशात एक संघटना असते. इंडोनेशियाची संघटना १९५५ सालची, सिंगापूरची १९५६ ची. या दोन आणि मलेशिया, फिलिपिन्स, थायलंड यांच्या संघटना १९७०च्या दशकात एकत्र आल्या आणि ‘फेडरेशन ऑफ आसियान इकॉनॉमिक असोसिएशन्स’ उभी राहिली. पुढे व्हिएतनामसारखे शेजारीही त्यात आले.

काम अगदी साधं. परिषदेचं यजमानपद फिरतं ठेवायचं : आज मनिला, पुढे सिंगापूर, मग बँकॉक. प्रत्येक देशाने एकाच विषयावर आपापला पेपर आणायचा. २०१३ सालीच या परिषदांची संख्या अडतीसवर पोचली होती.

याचं मोल कळायला १९९७ आठवावं लागतं. त्या वर्षी २ जुलैला थायलंडने आपलं चलन, बाट, मोकळं सोडलं आणि ते कोसळलं. काही महिन्यांत इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, अगदी दक्षिण कोरियापर्यंत ही लाट पोचली. थायलंडच्या बँकांचा ताळेबंद हा जकार्तातल्या कामगाराच्या नोकरीचा प्रश्न आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. अर्थतज्ज्ञांच्या परिषदांमुळे संकट टळलं का? नाही. पण शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय, हे विचारायला त्यांच्याकडे ओळखीची माणसं होती.

आणि आपल्याकडे?

आपली ‘इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन’ १९१७ ची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांच्याही संघटना आहेत. पाकिस्तानात विकासाच्या अर्थशास्त्रज्ञांची सोसायटी आहे. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार मात्र त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. आसियान देशांत हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे. जागतिक बँकेने २०१८ च्या एका अहवालात म्हटलं होतं की, भारतातल्या कंपनीला शेजारच्या दक्षिण आशियाई देशापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे वीस टक्क्यांनी स्वस्त पडतं. ब्राझील! मध्ये अख्खा महासागर आहे.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २००८ मध्ये कोलंबोत ‘साउथ एशिया इकॉनॉमिक समिट’ सुरू झाली. मग दिल्ली, काठमांडू, ढाका, इस्लामाबाद अशी ती फिरली. ‘सार्क’च्या राष्ट्रप्रमुखांची शेवटची शिखर परिषद २०१४ ची. त्यानंतर नेत्यांनी एकत्र बसणं थांबवलं. अर्थतज्ज्ञ मात्र २०१६ मध्ये ढाक्यात आणि २०१७ मध्ये काठमांडूत भेटले. दारं बंद झाली तरी खिडकी उघडी ठेवायची असते, ती अशी.

पण इथे एक फरक लक्षात घ्या. हे काम प्रामुख्याने राजधान्यांतल्या संशोधन संस्थांनी केलं. संस्थेत मोजके तज्ज्ञ असतात. संघटनेत मात्र जालन्याच्या किंवा कणकवलीच्या कॉलेजात शिकवणारे तुमचे सर-मॅडमसुद्धा सदस्य असू शकतात. संस्था शेजाऱ्याशी बोलल्या तर अहवाल निघतो. संघटना बोलायला लागल्या तर शेजारी तुमच्या वर्गात येतो, तुमच्या प्रश्नपत्रिकेत येतो.

अर्थात, परिषद म्हटली की शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, ग्रुप फोटो आणि ‘सहकार्य वाढवण्याचा निर्धार’ हे सगळंही आलंच. त्यात कागद वाया जातो, एवढंच. खरं काम त्यानंतर सुरू होतं : सगळ्यांचे आकडे एकाच वर्षात बसवलेले तक्ते, एकमेकांच्या नियतकालिकांत जागा आणि तरुण संशोधकाला वेळेत मिळणारा व्हिसा. हे तिसरं सगळ्यात अवघड. पेपर निवडला गेला आणि व्हिसा आला नाही, तर त्या खुर्चीवर नुसती नावाची पाटी उरते.

दोन मित्रांची गोष्ट

ओळखीने काय होतं, याचं उत्तम उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये दोन मुलं शिकत होती. एक भारतातून आलेला, अमर्त्य सेन. दुसरा पाकिस्तानातून आलेला, महबूब उल हक. दोघांची मैत्री झाली. पुढे दोन देशांत युद्धं झाली, मैत्री टिकली. १९९० मध्ये हक यांनी संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला, तेव्हा त्यांनी सेनना मदतीला बोलावलं. सगळा विकास एका आकड्यात कोंबायला सेन आधी नाखूश होते. जीडीपीला टक्कर द्यायची तर तितकाच सुटसुटीत आकडा हवा, असं हक यांचं म्हणणं. त्या वादातून उभा राहिलेला मानव विकास निर्देशांक तुम्ही आज पाठ करता.

पण या दोघांना भेटायला केंब्रिज गाठावं लागलं, हेही विसरू नका. लाहोर ते दिल्ली अंतर केवढं आणि वळसा केवढा!

तुम्ही काय कराल?

हा वळसा थोडा कमी करणं तुमच्याही हातात आहे. दिल्लीतलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी सार्क देशांनी मिळून काढलेलं आहे, २०१० पासून सुरू आहे आणि तिथे अर्थशास्त्राचं एमए करता येतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘साउथ एशिया इकॉनॉमिक्स स्टुडंट्स मीट’ भरते, तिथे शेजारी देशांतली मुलं पेपर वाचतात. इतकं लांब नको असेल, तर मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनाला जाऊन बसा. आपली संघटना कशी चालते ते आधी घरात बघा.

आणि पुढचा प्रोजेक्ट निवडताना एक करा. विषय कांदा घ्या, कापूस घ्या, साखर घ्या. शेवटी एक प्रकरण जोडा : ‘शेजाऱ्याच्या बाजूने’. त्यासाठी ढाक्याचे किंवा कोलंबोचे आकडे शोधावे लागतील, तिथल्या कुणा प्राध्यापकाला ईमेल लिहावा लागेल. कदाचित उत्तर येणार नाही. पण आलं, तर पुढच्या निर्यातबंदीच्या वेळी तुमच्या उत्तरातला कांदा अर्धा राहणार नाही.