परदेशी घर, अड्यारचा काठ

उतारवयात कोणत्या देशात राहावे, याचा खल हल्ली सुखवस्तू घरांतून होतो. हवापाणी, दवाखाने, स्वस्ताई यांचा हिशेब मांडला जातो. चेन्नईच्या अड्यार नदीकाठी असा हिशेब १८८२ मध्येच झाला होता.

थिऑसॉफिकल सोसायटीचे अमेरिकन अध्यक्ष कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. तिथून त्यांनी बिऱ्हाड हलवले ते अड्यारच्या २७ एकरांच्या बागेत. बाग स्वस्तात मिळाली, कारण निलगिरीच्या पायथ्यापर्यंत रेल्वे पोचली आणि बडे साहेब सहा-सहा महिने उटीला राहू लागले. मद्रासचे बंगले मग घेणार कोण! दलित मुलांसाठी शाळा काढणारे ऑल्कॉट १९०७ मध्ये तिथेच वारले.

लंडनच्या अ‍ॅनी बेझंट १८९३ मध्ये भारतात आल्या, तेव्हा त्यांचेही वय ४६. पण घराबरोबर त्या देशाची भांडणेही आपली होतात, हे स्वस्ताईच्या हिशेबात कोण धरतो? १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांप्रमाणे त्यांनीही होमरूल लीग काढली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या ६९ वर्षांच्या बाईंना स्थानबद्ध केले, तेही साहेबांच्या लाडक्या उटीत! देशभर ओरड झाली, सुटका झाली आणि डिसेंबरात त्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. १९३३ मध्ये अड्यारलाच त्यांनी देह ठेवला. जवळच्या वस्तीला आज बेझंट नगर म्हणतात.