घरातली चार्जरची गर्दी

पूर्वी आपल्या घरात एक दिवा, फार तर एक पंखा असे. आता मोबाइल आला. डिश आली. फवारणीचा बॅटरीवरचा पंप आला. प्रत्येकाबरोबर एकेक जाडजूड प्लग घरात आला. त्याला ॲडॅप्टर म्हणतात. आपण सगळ्यांनाच चार्जर म्हणतो.

हा प्लग एवढा जाड का? त्याच्या पोटात यंत्र असते. घरातली वीज २३० व्होल्टची. साध्या मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट बाहेर येतात. मोटारीचं सगळं पाणी रोपाच्या आळ्यात एकदम सोडलं, तर रोप उपटून जाईल. म्हणून आपण दारं धरतो, पाणी बेताने सोडतो. ॲडॅप्टर हा विजेची दारं धरणारा गडी आहे.

पण या गड्याला जागा फार लागते. तो एका सॉकेटात बसतो आणि शेजारचं सॉकेट झाकून टाकतो. मग माणसं भलतंच करतात.

आम्ही एका घरी गेलो होतो. बोर्डावर दोन सॉकेटं. एकात डिशचा चार्जर. त्याने दुसरं निम्मं झाकलेलं. घरधन्याने पंख्याचा प्लग कापून टाकला होता. उघड्या तारा आगकाड्या खोचून भोकांत बसवल्या होत्या. खाली दोन वर्षांचं पोर खेळत होतं.

आम्ही आधी बटण बंद केलं. मग विचारलं, "भाऊ, हे असं का?"

ते म्हणाले, "जागाच नाही. काय करणार?"

जागा करता येते. कशी ते पाहू.

पहिली गोष्ट. जाड प्लग कडेच्या सॉकेटात लावावा. त्याचं पोट बाहेरच्या बाजूला राहील, शेजारचं सॉकेट मोकळं राहील.

दुसरी गोष्ट. तेवढ्याने भागत नसेल, तर एक्स्टेन्शन बोर्ड आणावा. सॉकेटं लांब लांब असलेला घ्यावा. त्यावर आयएसआयची खूण आहे ना, ते पाहावे. तो भिंतीवर, पोरांचा हात पोचणार नाही असा, स्क्रूने पक्का बसवावा. अंथरुणाखाली किंवा पाण्याच्या माठाजवळ ठेवू नये.

तिसरी गोष्ट. या बोर्डावर लहान चार्जरच लावावेत. लहान सॉकेट ६ अँपियरचं असतं. २३० ला ६ ने गुणा. १३८० वॅट झाले. पाणी तापवायची कॉइल १५०० वॅटची असली, तर एवढ्यातच ती जास्त झाली. तिला १६ अँपियरचं मोठं सॉकेटच हवं. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड कधी खोचू नये. तार तापते, वितळते, आग लागते.

चौथी गोष्ट. चार्जरची अदलाबदल करू नये. पंपाची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. तिचा चार्जर ५ व्होल्टच्या वस्तूला लावला, तर ती वस्तू जळेल. टोक बसलं म्हणजे चार्जर जुळला, असं नव्हे. प्रत्येक चार्जरवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो. तो वाचा.

आता तुम्हाला लिहिताही येतं. मग कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर "पंप", "डिश", "मोबाइल" असं लिहून ज्याच्या त्याच्या चार्जरला चिकटवा. रात्री घाईत चूक होणार नाही.

पाचवी गोष्ट. काम झालं की बटण बंद करावं. मोबाइलच्या चार्जरची तार लोंबकळत ठेवू नये. लहान पोर तिचं टोक तोंडात घालतं. चार्जर थोडा कोमट होतो, ते चालतं. पण हात लावू देत नाही इतका तापला, जळका वास आला, पिना काळ्या पडल्या, तर आधी बटण बंद करावं. मग तो काढावा आणि पुन्हा लावू नये. ओल्या हाताने तर प्लगला शिवूच नये.

महिन्याभराने आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. पंख्याला नवा प्लग होता. बोर्ड भिंतीवर उंच बसवला होता. चार्जरांवर पट्ट्या होत्या. अक्षर जरा वाकडं होतं, पण वाचता येत होतं. घरच्या बाईंनी ते लिहिलं होतं. त्या आमच्याच वर्गात शिकल्या.

आज घरी गेलात की आपला बोर्ड एकदा पाहा. काडी खोचलेली दिसली, तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच ती काढा.