ब्रिज : भिडूच्या बोलीनंतर 'पास' म्हणता येतं का?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर मेंढीकोटचा डाव रंगला आणि कुणी भिडूला डोळ्याने खूण केली, की भांडण ठरलेलं. "खुणा करायच्या नाहीत!" हा तिथला पहिला नियम.

ब्रिजमध्येही खुणा चालत नाहीत. पण तिथे भिडूशी बोलायची एक अधिकृत सोय आहे. ती म्हणजे बोली. याच ब्रिजमध्ये २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन (वय ६०) आणि शिबनाथ सरकार (वय ५६) यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. "पत्त्यांत सुवर्ण कसं?" असं तेव्हा अनेकांनी विचारलं होतं. त्याचं बरंचसं उत्तर या बोलीत आहे.

बोली म्हणजे नेमकं काय?

मेंढीकोट येत असेल तर निम्मं ब्रिज तुम्हाला येतंच. चार खेळाडू, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पत्ते, रंगाला रंग आणि हुकूम. फरक एवढाच की खेळण्याआधी लिलाव होतो. '१ बदाम' म्हणजे बदाम हुकूम करून आम्ही ६ अधिक १, म्हणजे ७ हात करू.

गेवराई किंवा माजलगावच्या बाजार समितीत कापसाची बोली लागते तेव्हा बोली म्हणजे फक्त भाव. ब्रिजमधली बोली मात्र भाव आणि निरोप, दोन्ही असते. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे गुण मोजतात. पूर्ण जोडात ४० गुण असतात. दोघा भिडूंकडे मिळून साधारण २५ असतील तर 'गेम' करायचा प्रयत्न करतात, कारण गेमला मोठा बोनस मिळतो.

मग 'फोर्सिंग' म्हणजे काय?

"भिडू, माझं सांगून संपलेलं नाही, तू पास म्हणू नकोस," असा निरोप देणारी बोली म्हणजे फोर्सिंग. "एवढंच आहे, हवं तर थांब," असं सांगणारी बोली नॉन-फोर्सिंग.

एक गैरसमज इथेच दूर करू. ही सक्ती खेळाच्या नियमांनी केलेली नसते. फोर्सिंग बोलीवर कुणी पास म्हटलं तरी दंड होत नाही. सक्ती असते ती दोघांनी आधी केलेल्या कराराची.

विरोधक मध्ये बोलले की गोंधळ का होतो?

समजा, भिडूने १ चौकट म्हटलं आणि विरोधक १ इस्पिक बोलला. तुमच्याकडे बदामचा एक्का, राजा, गुलाम धरून पाच पत्ते आहेत आणि एकूण १३ गुण आहेत. तुम्ही २ बदाम म्हणता. भिडूकडे १४ गुण आहेत, पण बदामची दोनच पानं.

त्याला तुमची बोली नॉन-फोर्सिंग वाटली तर तो पास म्हणेल. नऊ हात झाले तर मिळतील १४० गुण. तेच नऊ हात '३ बिनहुकूम' बोलून केले असते तर ४०० मिळाले असते, आणि व्हल्नरेबल असताना ६००. पत्ते उत्तम असूनही एका गैरसमजाने गेम हातचा जातो.

सर्वसाधारण संकेत काय आहेत?

• नवा रंग, दुसऱ्या पातळीवर : वरच्या उदाहरणातली २ बदामची बोली बहुतेक जोड्या फोर्सिंग धरतात. गुण कमी असतील तर आधी 'डबल' म्हणून बदाम सुचवतात. १९५७ साली स्पुटनिक अवकाशात गेला त्या सुमारास हा डबल आला, म्हणून त्याला स्पुटनिक डबलही म्हणतात. काही जोड्या नेमकं उलटं करतात.

• आधी पास म्हटलेला खेळाडू : त्याच्याकडे सुरुवात करण्याइतके गुण नाहीत हे आधीच कळलेलं असतं. त्यामुळे त्याचा नवा रंग सहसा फोर्सिंग नसतो.

• विरोधकाचाच रंग : वरच्याच उदाहरणात तुम्ही २ इस्पिक म्हटलं, तर त्याचा अर्थ इस्पिक हुकूम हवा असा नसतो. "तुझ्या चौकटला चांगली साथ आहे आणि गुणही आहेत," असा असतो. ही बोली फोर्सिंग.

• आपला भिडू मध्ये बोलला असेल तर : विरोधकाने १ चौकट म्हटलं, भिडूने १ इस्पिक, पुढचा पास आणि तुम्ही २ बदाम. इथे चांगल्या खेळाडूंतही दोन मतं आहेत. म्हणून हे आधीच ठरवावं.

• फोर्सिंग पास : आपण ताकदीवर ४ बदामपर्यंत गेलो आणि विरोधकांनी केवळ अडवायला ४ इस्पिक म्हटलं, तर आपला पास म्हणजे "भिडू, डबल दे किंवा ५ बदाम बोल, पण सोडू नकोस." मात्र ४ बदाम हीच आपली अडवणुकीची उडी असेल, तर तो साधा पास.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

एक प्रश्न विचारा : बोलणाऱ्याच्या ताकदीला वरची मर्यादा ठरली आहे का? ठरली असेल तर बोली बहुधा नॉन-फोर्सिंग. नवा रंग आहे आणि मर्यादा उघडी आहे, तर बहुधा फोर्सिंग.

हा करार गुप्त ठेवता येतो का?

नाही. तुमच्या बोलीचा अर्थ विचारण्याचा हक्क विरोधकांना आहे आणि तो तुमच्या भिडूने खरा सांगायचा असतो. आवाज चढवून किंवा रेंगाळून भिडूला काही सुचवणंही चालत नाही. मोठ्या स्पर्धांत म्हणूनच तोंडाने बोलत नाहीत, बोलीची कार्डं टेबलावर ठेवतात. भिडूंच्या मध्ये पडदाही असतो.

थोडक्यात, पारावरचा नियम इथेही तोच : खुणा नाहीत. जे ठरवायचं ते पत्ते वाटण्याआधी आणि चौघांना कळेल असं.