कृषी पदवी : नोकरीपुरती की शेतीसाठीही?

शेती घरचीच असता ती शिकण्यासाठी महाविद्यालयात कशाला जावयाचे, असा प्रश्न शेलूबाजार परिसरात पुष्कळदा ऐकू येतो. याच्या उलट काही पालक मुलास कृषी महाविद्यालयात धाडतात ते केवळ सरकारी नोकरीच्या आशेने. त्यासाठी प्रसंगी जमीनही विकावयास निघतात. हे दोन्ही समज अपुरे आहेत.

कृषिशिक्षणाची सोय आपल्यापासून दूर नाही. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ साली सुरू झाले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ अकोल्यास १९६९ साली स्थापन झाले. आपला भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता. म्हणजे हे विद्यापीठ आपल्या घरचेच होय.

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. जमीन, पिके, बियाणे, किडी व रोग, फळबाग, अर्थशास्त्र व विस्तार हे विषय त्यात येतात. पुढे ग्रामीण कार्यानुभवासाठी विद्यार्थ्यास खेड्यात काम करावे लागते. तेथे तो सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी करून दाखवितो. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत. आठवड्याभरात ७० किंवा अधिक निरोगी कोंब आले, तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. एवढ्या साध्या चाचणीने दुबार पेरणीचे एक कारण टळते. विद्येचा उपयोग तो हाच.

पदवीनंतर अनेक मार्ग खुले होतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा हा त्यांपैकी एक; परंतु तेथे जागा थोड्या व उमेदवार फार असतात. बँकांना कृषी क्षेत्र अधिकारी लागतात. पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास संशोधनात शिरता येते. ‘पीडीकेव्ही अंबा’ व ‘सुवर्ण सोया’ हे सोयाबीनचे वाण अकोल्याच्या विद्यापीठातील अशाच संशोधनाचे फळ आहे. केंद्र शासनाच्या २००२ पासूनच्या कृषी चिकित्सालय योजनेत प्रशिक्षण घेऊन माती परीक्षण, रोपवाटिका किंवा सल्ला केंद्र काढता येते. आणि कोणताही मार्ग न निवडता घरची शेती हिशेबाने केली, तरी शिक्षण वाया जात नाही.

म्हणून पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी. बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी दहावीनंतरची कृषी पदविका आहे.

२. खाजगी महाविद्यालयात शुल्क भरण्यापूर्वी त्यास कृषी विद्यापीठाची संलग्नता आहे किंवा नाही, याची खात्री करावी.

३. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना व अन्य शिष्यवृत्त्यांची चौकशी केल्यावाचून कर्ज काढू नये. जमीन तर विकूच नये. ज्या शेतासाठी विद्या घ्यावयाची, तेच शेत गेल्यावर ती कोठे वापरणार?

४. मुलीसही हाच विचार लागू करावा. शेतीतील निम्मे काम स्त्रिया करीत असता शास्त्र मात्र मुलांनीच शिकावे, हे योग्य नव्हे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच ही माहिती घरोघर पोहोचवावी. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास मुलांची एखादी भेटही घडवून आणावी. शास्त्र शिकलेला एक तरुण गावात असेल, तर त्याच्या बांधावर शेजारीही चार गोष्टी शिकतील.