नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरची रात्र : रुग्णाने निजावे कसे?

काही दिवसांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास धर्मग्रामातील एका तरुणाचा आम्हाला दूरध्वनी आला. त्याच्या वडिलांच्या नाकाच्या वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी सकाळी झाली होती व सायंकाळी त्यांना घरी सोडण्यात आले होते. दोन्ही नाकपुड्यांत पॅकिंग, श्वास केवळ तोंडाने, घसा कोरडा आणि डोळ्याला डोळा नाही. घरात आईची झोपेची गोळी होती. "फादर, अर्धी गोळी दिली तर चालेल का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

आम्ही वैद्य नव्हे. गोळी देऊ नकोस, आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचार, एवढेच आम्ही त्यास सांगितले. डॉक्टरांनी गोळीस स्पष्ट नकार दिला आणि काही प्रश्न विचारले. तेव्हा उलगडले की हे गृहस्थ कित्येक वर्षे मोठ्याने घोरत असत व झोपेत मधूनमधून त्यांचा श्वास अडत असे. घरच्यांना ते ठाऊक होते, पण "घोरणे हा काय आजार आहे?" असे समजून कोणीही ते आधी सांगितले नव्हते. ती रात्र मुलाने वडिलांच्या उशाशी खुर्चीत बसून काढली. या प्रसंगामुळेच हा विषय वाचकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले.

आडवे होताच नाक का भरते?

नाक हा केवळ हवेचा मार्ग नव्हे. आत येणारी हवा गाळणे, ऊबदार करणे आणि तिला ओलावा देणे ही कामे नाक अहोरात्र करीत असते. त्यासाठी नाकाच्या आतील अस्तरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. आपण आडवे होतो तेव्हा डोक्याकडील रक्त हृदयाकडे परतण्यास गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य मिळत नाही. त्या वाहिन्या फुगतात व नाक चोंदते. सर्दी झालेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला आहे. शस्त्रक्रियेनंतर तर हे अस्तर ताज्या जखमेचे असते. तेथील दाब वाढला की सूज वाढते आणि रक्तस्रावाचा संभवही वाढतो.

म्हणूनच डोके व छाती उंच ठेवून, पाठीवर निजणे हा पहिला नियम होय. साधारणपणे 30 ते 45 अंशांचा उतार पुरेसा असतो. पहिला आठवडा तरी असे निजण्यास सांगितले जाते. शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार हा काळ अधिकही असू शकतो.

उशा रचण्याची रीत

येथे बहुतेक घरांत एक चूक होते. डोक्याखाली दोन-तीन उशा कोंबल्या जातात. त्यामुळे मान मोडते, हनुवटी छातीला टेकते आणि घशाचा मार्ग अरुंद होतो. उतार कमरेपासून सुरू झाला पाहिजे. खाली लोड किंवा घडी केलेली गोधडी, तिच्यावर पाठीला आधार देणारी उशी व शेवटी डोक्याखाली एक पातळ उशी, अशी रचना करावी. गुडघ्यांखाली लहान उशी ठेवल्यास अंग खाली घसरत नाही. झोपेत कुशीवर वळण्याची सवय असल्यास दोन्ही बाजूंस तक्के लावावेत. ज्यांच्या घरी आरामखुर्ची आहे, त्यांनी पहिल्या काही रात्री तिच्यातच निजण्यास हरकत नाही. नाकाचा बाह्य आकार बदलला असेल वा नाकावर आधारपट्टी असेल, तर पालथे वा कुशीवर न निजण्याचे पथ्य अधिकच कटाक्षाने पाळावे.

कोरडे तोंड व अस्वस्थ मन

पॅकिंग असेपर्यंत श्वास तोंडानेच घ्यावा लागतो. ते बहुधा एक-दोन दिवसांत काढले जाते. आतील स्प्लिंट मात्र साधारण आठवडाभर राहू शकतात. या काळात गुदमरल्यासारखे वाटून माणूस दचकून उठतो. अशा वेळी उठून बसावे, सावकाश तोंडाने श्वास घ्यावा व घोटभर पाणी प्यावे. पाण्याचा पेला हाताशी असावा. ओठांना व्हॅसलीन लावावे. पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नये. खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती वा तंबाखूचा धूर नसावा. डासांसाठी मच्छरदाणी बरी. कितीही अस्वस्थ वाटले तरी पॅकिंग स्वतः ओढून काढू नये.

घोरणाऱ्यांसाठी विशेष सूचना

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा श्वास झोपेत अडतो, त्यांचा हा मार्ग मुळातच वारंवार बंद होत असतो. त्यात नाकही बंद झाले की धोका वाढतो. भुलीच्या औषधाचा अंमल, तीव्र वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांची भर पडल्यास स्नायू अधिक सैल होतात आणि श्वास अडल्यावर माणसाला जागे करणारी शरीराची स्वाभाविक सूचनाही मंदावते. हाच त्या अर्ध्या गोळीतील खरा धोका होता.

म्हणून घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे या गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगाव्यात. पतीच्या वा पत्नीच्या घोरण्याची माहिती स्वतः त्या व्यक्तीपेक्षा जोडीदाराला अधिक असते. तेव्हा तपासणीस दोघांनी मिळून जाणे उत्तम. अशा रुग्णास डॉक्टर एक रात्र रुग्णालयातच ठेवू शकतात. जे सीपॅप यंत्र वापरतात त्यांनी ते केव्हा व कोणत्या मुखवट्याने पुन्हा सुरू करावे, हे आधीच विचारून घ्यावे.

नाकावर ताण नको

नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. खाली वाकणे, जड वस्तू उचलणे व शौचास जोर करणे टाळावे; बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पाणी व पालेभाजी भरपूर असावी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून वेदनेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलेच औषध घ्यावे. मात्र हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

केव्हा थांबू नये?

पहिले एक-दोन दिवस गुलाबीसर स्राव झिरपणे स्वाभाविक आहे. ताजे रक्त येऊ लागल्यास आडवे होऊ नये. उठून बसावे, पुढे झुकावे आणि घशात आलेले रक्त न गिळता थुंकावे, कारण गिळलेल्या रक्ताने उलटी होते. रक्त थांबत नसेल, श्वास घेणे कठीण होत असेल, जोराचा ताप, अंगावर पुरळ, मान आखडून तीव्र डोकेदुखी, दृष्टीत फरक, नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांशी तत्काळ संपर्क साधावा. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

पहिल्या रात्री घरातील एकाने तरी जवळ राहावे, हे आमचे शेवटचे सांगणे. जे एकटे राहतात त्यांनी संकोच सोडून शेजाऱ्यास वा नातलगास बोलवावे. आणि शेजाऱ्यांनीही, कोणी एकटा रुग्ण घरी आला आहे असे कळताच, बोलावण्याची वाट पाहू नये. आरंभी उल्लेखिलेले ते गृहस्थ आता बरे आहेत. त्यांच्या घोरण्याची रीतसर तपासणी व्हायची आहे आणि या वेळी त्यांच्या पत्नी सोबत जाणार आहेत.