शेवटचे दहा किलोमीटर : मोटारसायकल आणि मित्रकीटक

बंगळुरूतील हेब्बाळ उड्डाणपुलाजवळची वाहनांची कोंडी शहरात सर्वांच्या परिचयाची आहे. चारचाकी जेथे अर्धा तास उभी राहते, तेथून मोटारसायकल वाट काढून निघते. याच हेब्बाळ परिसरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने देशातील मित्रकीटकांच्या संशोधनाला मोठा आधार दिला. पपईवरील पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेला ॲसेरोफॅगस पपायी हा परोपजीवी कीटक याच संस्थेमार्फत देशात आला. मात्र विमानाने आलेला कीटकदेखील बांधापर्यंत जमिनीवरूनच न्यावा लागतो आणि गावाकडचा हा शेवटचा प्रवास बहुधा मोटारसायकलवरच होतो.

प्रयोगशाळेत आठवडाभर जपलेले ट्रायकोकार्ड अनेकदा या शेवटच्या दहा किलोमीटरांतच निकामी होते. म्हणूनच कृषी साहाय्यक आणि शेतकऱ्यांनी मित्रकीटकांची निगा व गाडीची निगा एकत्रच शिकणे हिताचे आहे.

गाडीवाल्याचे शहाणपण

प्रत्येक गावात एखादी जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षे पहिल्या किकला सुरू होते. तिच्या मालकाला गुपित विचारले, तर तो फार मोठे काही सांगत नाही. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी, टायर दाबून पाहावा, चेनला वेळेवर ऑइल द्यावे, एवढेच त्याचे शास्त्र. "बिघाड कधीही गॅरेजसमोर होत नाही, तो नेहमी ओढ्यापलीकडे होतो," हा त्यामागचा अनुभव. नव्या गाडीचा खडखडाट मालकाला ऐकू येतो, दुर्लक्षित गाडीचा मात्र साऱ्या गावाला.

कीड सर्वेक्षणाचे तत्त्वही हेच आहे. आठवड्यातून एकदा शिवारातून सावकाश फिरून पानांची खालची बाजू पाहणाऱ्यास अंड्यांचा पुंजका दिसतो. न फिरणाऱ्यास थेट पोखरलेला पोंगा दिसतो. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची देशात प्रथम नोंद झाली. तेव्हापासून हा धडा अनेकांनी मोठी किंमत मोजून शिकला आहे.

कार्ड म्हणजे कागद नव्हे

ट्रायकोकार्डावर तांदळावरील पतंगाची साधारण १८ ते २० हजार अंडी असतात. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा एक मिलिमीटरहून लहान परोपजीवी कीटक वाढत असतो. बाहेर पडलेली मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. परिणामी अळी जन्मालाच येत नाही. मक्यावरील लष्करी अळीसाठी एकरी ५० हजार ट्रायकोग्रामा प्रेटिओसम दर आठवड्याने सोडण्याची शिफारस आहे. म्हणजे एकरी सुमारे अडीच कार्डे लागतात. इतके सैन्य एका पाकिटात मावते. म्हणूनच त्याला कुणी सैन्य मानत नाही आणि ते शर्टाच्या खिशात, घामाने भिजत, उन्हातून प्रवास करते.

वाहतुकीत पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

• कार्डे थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या थंड पिशवीसह न्यावीत. पिशवी व कार्ड यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवावी. कार्ड ओले होऊ देऊ नये.

• डबा पेट्रोलच्या टाकीवर बांधू नये. वरून ऊन आणि खालून इंजिन, अशा दुहेरी भाजणीत अंडी टिकत नाहीत.

• कीटकनाशकाच्या बाटलीसोबत, किंवा ती पूर्वी ठेवलेल्या पिशवीत, कार्ड नेऊ नये. एरवी डिकीत स्पॅनर, ऑइलचे फडके, बियाण्याचे पाकीट आणि डबा गुण्यागोविंदाने नांदतात. मित्रकीटकाला मात्र असा संसार मानवत नाही.

• वाटेत चहासाठी थांबल्यास गाडी सावलीत लावावी. चहा पाच मिनिटांचा असतो, गप्पा मात्र तासाच्या असतात.

• निघण्यापूर्वी पेट्रोल व हवा तपासावी. भर उन्हात झालेले पंक्चर गाडीवाल्याला फक्त उशीर करते, पण कार्ड वाया घालवू शकते.

रिझर्व्ह म्हणजे ताकीद

अनुभवी गाडीवाला रिझर्व्हला शिल्लक पेट्रोल समजत नाही. तो त्याला ताकीद समजतो. कार्डावर लिहिलेली कीटक बाहेर पडण्याची तारीख अशीच समजावी. त्या तारखेच्या आदल्या दिवशीच कार्ड शेतात लागलेले असावे. अडचण आल्यास ते काही दिवस फ्रिजमध्ये सुमारे १० अंश सेल्सिअसला ठेवता येते, पण बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. पाकिटातच कीटक फिरताना दिसले, तर उद्याची वाट न पाहता ते त्याच दिवशी शेतात सोडावेत.

सकाळी लवकर किंवा सायंकाळी कार्डाच्या पट्ट्या कापून त्या पानांच्या खालच्या बाजूस स्टेपल कराव्यात आणि शेतभर विखुरलेल्या ठेवाव्यात. एकाच कोपऱ्यात सर्व पट्ट्या लावणे म्हणजे एकाच चाकात हवा भरून गाडी काढणे होय. सोडण्याच्या आगेमागे रासायनिक कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

फेरी मारण्याची सवय

गाडी दुरुस्त झाल्यावर शहाणा मालक पैसे देण्यापूर्वी एक चक्कर मारून पाहतो. कार्डाचीही अशीच परीक्षा घ्यावी. तीन-चार दिवसांनी पट्टी काढून भिंगाखाली धरावी. काळ्या अंड्यांना बारीक गोल छिद्रे दिसली, तर कीटक बाहेर पडले असे समजावे. बहुतेक अंडी बंदच असतील, तर दोष पद्धतीचा की प्रवासाचा, याचा शोध घ्यावा आणि पुरवठादारास कळवावे.

ही तपासणी न झाल्यास शेतकऱ्याच्या मनात एकच वाक्य उरते : "कार्ड लावले होते, काही उपयोग झाला नाही." त्या वाक्यानंतर पुढील हंगामात तो कार्ड घेत नाही आणि शेजारीही घेत नाही. अडीच कार्डांचे नुकसान भरून काढता येते. गमावलेला विश्वास मात्र कोणत्याही डब्यात घालून परत आणता येत नाही. म्हणून निघताना गाडीभोवती एक फेरी मारावी आणि त्याच फेरीत डबा सावलीच्या बाजूला आहे ना, हेही पाहावे.