सड्यावर काहीच नाही? जुलैत येऊन बघा!

रत्नागिरीच्या सड्यावर बर्च आणि स्प्रूसची झाडं बघितलीत कधी? मी इथलीच, मला तरी दिसली नाहीत. पण काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात ती चक्क उगवली होती! अहवालाचा बराच भाग रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून जसाच्या तसा उचलला होता. असाइनमेंट कॉपी करताना आपण निदान गावाचं नाव तरी बदलतो!

खाण सुरू करण्याआधी तिथल्या प्राण्यांवर, झाडांवर, पाण्यावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास करावा लागतो. त्याला ‘पर्यावरणीय आघात मूल्यांकन’ म्हणजेच ईआयए म्हणतात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत त्याचे नियम आहेत. गंमत म्हणजे, हा अभ्यास करणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्पवालाच.

कॉपी निदान पकडता येते. त्याहून अवघड चूक अगदी प्रामाणिक अहवालातही राहू शकते. खाणीच्या आसपास साधारण दहा किलोमीटरच्या परिसराचा अभ्यास होतो, पण त्यासाठी बहुतेक वेळा एकाच ऋतूची पाहणी पुरते, आणि तीही पावसाळा सोडून.

आता हा नियम कोकणच्या सड्याला लावून बघा. मार्चमध्ये तिथे काय दिसणार? तापलेला जांभा आणि करपलेलं गवत. सरकारी भाषेत ‘पडीक जमीन’. तोच सडा जूनच्या पहिल्या सरींनंतर बघा. दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणाबाहेर फारशी कुठे नाही आणि संकटग्रस्त आहे. पुढे गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. ती इवली निळी-जांभळी फुलं असलेली वनस्पती चक्क किडे खाते, कारण कातळावरच्या बोटभर मातीत पोषणच नसतं. सिंधुदुर्गात आंबोलीला कातळावरच्या उथळ पाण्यात ‘आंबोली टोड’ अंडी घालतो, तेही पावसाच्या सुरुवातीलाच. विज्ञानाला त्याची स्वतंत्र ओळख पटली २००९ मध्ये, आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

म्हणजे मार्चमध्ये आलेला माणूस ‘काही आढळलं नाही’ असं लिहील, तेव्हा तो खोटं बोलत नसेल. तो फक्त चुकीच्या महिन्यात आला असेल.

बॉक्साइट असतं या जांभ्यातच. म्हणजे खाण आली की सड्याचा वरचा थरच जातो. ‘नंतर झाडं लावू’ हे आश्वासन इथे उपयोगाचं नाही. दीपकाडीला मोठ्या झाडांची सावली नकोय, तिला उघडा कातळ हवाय. तो एकदा फोडला की पुन्हा तयार होत नाही.

मला खाण नकोच, असं म्हणायचं नाहीये. ॲल्युमिनियम मुख्यतः बॉक्साइटपासून बनतं, आणि ते आपण सगळेच वापरतो. गावात रोजगार हवा हेही खरं. पण काय गमावतोय ते आधी नीट मोजा, एवढंच मागणं आहे.

यात आपण काय करणार? बरंच काही! मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. बॉटनी-झूलॉजीवाल्यांनो, पावसाळ्यात सड्यावर जा, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. सुनावणीत लेखी हरकत देता येते, आणि तारखेसकट असलेला फोटो भाषणापेक्षा जास्त बोलतो.

आणि तिथे काहीच सुचलं नाही, तर उभं राहून एवढंच विचारा: ‘साहेब, तुमची माणसं कुठल्या महिन्यात आली होती?’